बोटीखालचा उजेड

"शेठ, दिवे हंय नको. बाजूकच संडासाची नळी असा," अंकुश तारी पाण्यातून डोकं वर काढून म्हणाला. पर्यटकांच्या त्या बोटीचे मालक पावसकर धक्क्यावर उभे होते. बोटीच्या बुडाला पाण्याखाली लावायचे सगळ्यात प्रखर दिवे त्यांनी स्वतः निवडून आणले होते. "पाहुणे मागेच बसतात. तिथेच लाव," ते म्हणाले. अंकुशने तिथेच लावले.

पहिल्याच संध्याकाळी दिवे लागले आणि बोटीमागची खाडी तळापर्यंत उजळली. पाहुणे तळलेल्या बांगड्याच्या बश्या घेऊन कठड्याशी आले. "अय्या, मासे बघा किती!" एक बाई ओरडल्या. मासे खरंच झुंडीने आले होते. तेवढ्यात आत कुणीतरी संडासात पाणी सोडलं. लख्ख उजेडात ते सगळं नळीतून बाहेर पडलं, तरंगत वर आलं आणि मासे त्यावर तुटून पडले. बाईंनी तोंडातला घास बशीत थुंकला.

पाहुणे उतरताच पावसकर अंकुशवर खेकसले, "आत्ताच्या आत्ता पाण्यात उतर आणि ते दिवे काढ."

"दिवे? टाकी बसवा मा, शेठ. घाण खाडयेत कित्याक सोडतास?"

"टाकी कशाला? दिवे नसले की दिसतंय कुणाला?"

सहा वर्षं अंकुश याच बोटीखाली बुड्या मारून तिच्या बुडाचं शेवाळ खरवडत होता. त्याने पाना त्यांच्या हातात ठेवला.

"तुमीच उतरा. काळोखात तुमका काय एक दिसाचा नाय."