आपायची गाडी

‘‘पहिली माझी गाडी लावा,’’ रौझा आपाय म्हणाल्या, आणि सेयतकालीचा चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

शाळेच्या व्यायामशाळेतली सभा नुकतीच संपली होती. आपायनी चार महिने दारोदार फिरून माणसं जमवली होती. निम्म्या वस्तीला त्यांनी भूगोल शिकवलेला, म्हणूनच सगळे त्यांना ‘आपाय’, म्हणजे बाई, म्हणत; त्यामुळे नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती. शहराच्या हवेबद्दल बोलणं झालं, बसगाड्या का वाढत नाहीत यावर वाद झाला. तेल काही जन्मभर पुरायचं नाही, असं पाहुण्या इंजिनीअर बाईंनी सांगितलं तेव्हा मागून हसू फुटलं. पण तेलविहिरींवर वीस वर्षं काढलेला तुलेगेन उठला आणि म्हणाला, ‘‘हसू नका. आमच्या वेळी विहीर आपणहून तेल ओकायची. आता दहा बादल्या उपसल्या तर नऊ पाण्याच्या निघतात.’’ मग कुणी हसलं नाही.

आता सगळे शाळेच्या अंगणात आले होते. भर दुपार होती, तरी धुरक्यामुळे समोरचे डोंगर दिसत नव्हते. इंजिनीअर बाईंनी धूर तपासायचं यंत्र आणलं होतं. ज्याला हवं त्याने आपली गाडी तपासून घ्यावी, असं ठरलं होतं.

‘‘माझी पास होणारच,’’ आपाय किल्ली हलवत म्हणाल्या. ‘‘आमच्या सेयतकालीच्या हातची आहे.’’

दोन वर्षांपूर्वी सायलेन्सर बदलायला त्यांनी गाडी त्याच्या गॅरेजात आणली होती. सायलेन्सर त्याने चांगला घातला. पण त्याच्या अलीकडे असतो तो धुरातलं विष गाळणारा डबा कापून काढला, जागी साधी नळी जोडली आणि डबा विकून टाकला. आतल्या धातूला चांगला भाव येतो. गाडी पूर्वीसारखीच धावत होती. दुसऱ्या दिवशी आपाय तळलेल्या गरम बौरसाकांची, म्हणजे पुरीसारख्या फुगलेल्या पावांची, पिशवी घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याने ती घेतली होती.

बाईंनी यंत्राची नळी गाडीच्या मागे खुपसली. इंजिन घुरघुरलं. आकडे चढत गेले, थांबेनात. बाईंनी नळी काढून पुन्हा लावली. तेच.

‘‘ही गाडी रस्त्यावर आणण्यासारखी नाही, आपाय,’’ त्या हळूच म्हणाल्या.

आपाय लोकांकडे वळल्या. ‘‘चार महिने तुम्हाला शहाणपण शिकवतेय, आणि सगळ्यात घाण धूर माझाच. मला माफ करा.’’ पुढे बोलायला गेल्या, तर खोकल्याची उबळ आली. त्या बॉनेटला धरून उभ्या राहिल्या.

फाटक उघडंच होतं. सेयतकालीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने पेला बाकावर ठेवला, फाटकाच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि मागे वळला.

‘‘आपाय, गाडीचा दोष नाही. धूर गाळायचा डबा मी काढला. तुम्हाला न सांगता.’’

तुलेगेनने पुढे येऊन त्याची कॉलर धरली. आपायनी तुलेगेनचा हात बाजूला केला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच सेयतकालीला बघवेना.

‘‘आणखी कुणाकुणाच्या?’’

त्याने भिंतीलगत लावलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली. तीन-चार माणसांनी माना खाली घातल्या. त्यांनी स्वतःच सांगून डबा काढून घेतला होता, पैसेही त्याच्याशी वाटून घेतले होते. बाकीच्यांना पत्ताच नव्हता.

‘‘बऱ्याच.’’

‘‘मग जाऊ नकोस. इथे उभा राहा. ज्याला विचारायचंय त्याला विचारू दे.’’

तो उभा राहिला. एकेक जण यायचा, आपल्या गाडीकडे बोट करायचा. सेयतकाली कधी मान डोलवायचा, कधी हलवून नाही म्हणायचा. कुणी शिवी घातली. कुणी त्याच्या पायाशी थुंकला. एक म्हातारा मात्र ‘‘माझीसुद्धा का रे, उस्ताद?’’ एवढंच म्हणाला आणि उत्तराआधीच निघून गेला.

शेवटी पलीकडच्या चाळीतली आक्बोता आली. तिने गाडी त्याच्या शेजारी आणून उभी केली, इंजिन चालूच ठेवून काच खाली घेतली. मागच्या सीटवर तिचं सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं, टोपी डोळ्यांवर घसरलेली.

‘‘दादा, माझी?’’ तिने विचारलं.

सेयतकालीने अजून मान डोलवली नव्हती. तेवढ्यात त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने हात मागे नेला आणि बाळाच्या बाजूची काच वर चढवायला सुरुवात केली.