एक डबा की दोन

“एकाच डब्यात सगळा ॲम्प्लिफायर नको. आवाज सावरणारा प्रीॲम्प वेगळा, तो वाढवणारा पॉवर ॲम्प वेगळा, असंच घेऊ,” नगरच्या त्या म्युझिक सिस्टिमच्या दुकानात शामकांत म्हणाले आणि त्यांनी हळूच मुलीकडे पाहिलं.

“पण बाबा, दोन दोन डबे ठेवायचे कुठे?” प्रणिताने लगेच खोडा घातला.

शामकांत मनातून खूश झाले. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा नगरला येणं आलं.

देवळाली प्रवरा इथल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले शामकांत कुणाच्या सांगण्यावरून काही घेणाऱ्यातले नव्हते. भिंतींचा रंग बायकोने, इंदूने, सुचवला म्हणूनच त्यांनी तो मोडीत काढला होता. हे दुकानही त्यांनी स्वतःच शोधलं. नगरच्या सावेडीतून जाताना नेमकी प्रणिताची चप्पल तुटली, ती शिवून घ्यायला थांबावं लागलं, आणि समोरच त्यांना पाटी दिसली.

दुकानाचा मालक सुश्रुत. त्याने आधी न विचारताच त्यांना लागतो तसा बिनसाखरेचा चहा पुढे केला, मग त्यांच्या आवडीचा सतारीवरचा यमन लावला आणि मगच खोली केवढी आहे ते विचारलं. शामकांत तिथेच विरघळले.

“दोन डब्यांत माझा फायदा जास्त आहे, सर,” तो म्हणाला होता. “पुढे एकेक भाग बदलता येतो, हेही खरं. पण तुमच्या खोलीला एकच डबा पुरे.”

असा सरळ पोरगा! प्रणिताने आजवर आलेली सगळी स्थळं परतवली होती आणि त्या काळजीने शामकांतांची झोप उडाली होती. हा मुलगा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पण तोंडाने सुचवलं की ही नाहीच म्हणणार, शेवटी त्यांचीच मुलगी. म्हणून त्यांनी ॲम्प्लिफायरचं भिजत घोंगडं ठेवलं. ते एक म्हणाले की प्रणिता दोन म्हणे, दोन म्हणाले की एक. आवाजातला फरक ऐकायला ती आणि सुश्रुत शेजारी बसत, कशावरून तरी हसत. शामकांत डोळे मिटून ऐकत असल्याचं सोंग करत आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होत.

अखेर एका रविवारी ते म्हणाले, “एकच डबा. ठरलं! पण जोडून द्यायला तुम्हीच घरी यायचं.”

“येतो, सर,” सुश्रुत म्हणाला. प्रणिता खिडकीबाहेर बघत राहिली.

तो यायचा त्या संध्याकाळी शामकांत घरभर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी इंदूला स्वयंपाकघरात गाठलं.

“एक मुलगा येतोय. मी पारखलाय. तू फक्त बघून घे. आणि प्रणिताला सुगावा लागू देऊ नकोस.”

इंदूने पदर तोंडाला लावला. “तुम्ही पारखलाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.”

सुश्रुत आला. त्याने भराभर तारा जोडल्या, न बघताच कपाटामागे हात घालून बटण दाबलं, आणि यमनने घर भरून गेलं. शामकांतांना इतका आनंद झाला की त्यांना चष्मा पुसावा लागला.

इंदू चहा घेऊन बाहेर आली. शामकांतांनी तिला डोळ्यांनीच खुणावलं, हाच तो.

“घे रे सुश्रुत,” इंदू त्याच्यापुढे कप धरत म्हणाली, “तुझ्यात आलं जास्त घातलंय, नेहमीसारखं.”