पाच मिनिटांत

माल साठवायचाच नाही, लागेल तेव्हाच मागवायचा, ही पद्धत सुनीलने सुप्याच्या कारखान्यात आणली. गोदामाला कुलूप लागलं आणि स्टोअर सांभाळणाऱ्या सहादूकाकांना त्याने घरी बसवलं.

चार महिन्यांनी बेअरिंगचा टेम्पो वाटेतच बंद पडला आणि इकडे सगळं काम ठप्प झालं. गोदामात जुनी बेअरिंग कुठल्या फळीवर पडलीत, हे एकट्या काकांना ठाऊक. आता कोणत्या तोंडाने बोलवायचं, असं म्हणत म्हणत सुनीलने फोन लावला. काकांना घरून, काष्टीहून यायचं म्हणजे दीड तास तरी लागणार. काका पाच मिनिटांत गेटवर हजर, हातात जेवणाचा डबा.

"काका, इतक्यात कसे आलात?"



"रोज समोरच्या टपरीवरच बसतो, साहेब. नोकरी गेल्याचं घरी अजून सांगितलं न्हाई."