पिवळीधमक

काळा चष्मा काढायला डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सकाळी आई टीव्हीसमोर येऊन बसली. नातीच्या लग्नात मोतीबिंदूमुळे तिला सगळं धुरकट दिसलं होतं. म्हणून ऑपरेशननंतर आधी हळदीचा व्हिडिओ बघायचा, हे तिने ठरवूनच ठेवलं होतं. मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन लावला आणि चहा टाकायला आत गेलो.

बाहेर येतो तर तिने चष्मा परत चढवलेला.

"छान आहे. बंद कर आता."

"एवढ्यात?"

"हळद राखेसारखी दिसतेय रे. डॉक्टरांना काही बोलू नकोस. त्यांनी आपल्या परीने केलंच असेल."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. हिरव्या बांगड्या, झेंडू, पोरीचे गाल, सगळ्याचाच रंग उडालेला.

"आई, मलाही तसंच दिसतंय! नव्या मोबाइलच्या व्हिडिओत रंग आणि उजेड जास्त भरलेला असतो, आपल्या जुन्या टीव्हीला तो झेपत नाही. हे बघ."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने चष्मा काढला आणि हसायलाच लागली.

"अगं बाई, कार्टीच्या नाकातसुद्धा गेलीय की हळद!"

मग मान वर करून ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

"आणि तुझे केस रे? ते का राखेसारखे दिसतायत?"

या वेळी टीव्हीवर ढकलता येईना.