चाखणारा

थाळी घेऊन आज आचारी स्वतः आला. रोजचा वाढपी कुठे गेला, हे चाखणाऱ्याने विचारण्याआधीच तो घाईघाईने बोलला.

"आबा, तुमचं पोट बरं नाही ना? रात्रभर कण्हत होतात म्हणे. आज काही तोंडात घालू नका."

चाखणाऱ्याचं पोट उत्तम होतं. रात्री तो ढाराढूर झोपला होता. आचारी त्याचाच मुलगा. चाखणाऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलगा नजर वर उचलत नव्हता आणि थाळी धरलेली त्याची बोटं थरथरत होती. अन्नात विष होतं, आणि तेही उशिरा चढणारं असणार.

"पोटाचं नंतर बघा," दारातला पहारेकरी म्हणाला. "सगळं रोजच्यासारखं झालं पाहिजे. वरून सांगणं आहे."

म्हातारा राजा खिडकीपाशी पाठ करून बसला होता. राजाच्या स्वतःच्या मुलाने त्याला गादीवरून उतरवून या खोलीत कोंडलं होतं. राज्य गेलं, फौज गेली, पण कोणी आधी चाखल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही हा हट्ट काही गेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. चाखणाराही मग आपल्या पायांनी इथे कोंडून घ्यायला आला होता. त्याच्या गल्लीत लोक चेष्टा करायचे, राजाच्या आधी जेवतो, केवढा मोठा माणूस! तो हसायचा. सगळे पोटासाठी काम करतात, त्याचं तर कामच पोटाचं.

आता मात्र इकडे आड, तिकडे विहीर. घास घेतला नाही तर राजा जेवणार नाही, आणि आपल्या बापाला सावध कोणी केलं म्हणून नवा राजा आचाऱ्याची मान उडवणार. आचाऱ्याने विष आपल्या मनाने घातलेलं नाही, हे चाखणाऱ्याला कोणी सांगायला नको होतं. चाखणाऱ्याला भीती वाटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत वाटली नव्हती एवढी वाटली. तरी तो थाळीपुढे बसला आणि त्याने बाही मागे सारली.

"आबा!"

"गप बस. मोठ्यांच्या कामात तोंड घालू नये."

"थांब," राजा म्हणाला.

तो उठून जवळ आला. थाळीकडे त्याने पाहिलंच नाही. आचाऱ्याच्या बोटांकडे बघत राहिला.

"अशी एक थाळी मीही पाठवली होती. माझ्या थोरल्या भावाला. त्याच्याबरोबर त्याचा चाखणाराही गेला. चांगला धडधाकट होता म्हणे."

गादीसाठी भावाने भावाला मारायचं, मुलाने बापाला मारायचं, हे त्या घराण्यात चालतच आलं होतं. त्यांच्या आधी किती चाखणारे मेले, याची चौकशी कोणी करत नसतं.

"हा तुझा मुलगा का रे?"

"होय, महाराज."

"तुला वाचवायला आलाय. नाव काय तुझं?"

एवढी वर्षं राजाने त्याला 'ए चाख्या' अशीच हाक मारली होती. चाखणाऱ्याने नाव सांगितलं. राजाने ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं आणि दाराकडे वळला.

"याचं पोट बिघडलंय. आज मी तसाच जेवतो. तुझ्या मालकाला सांग, थाळी चाटूनपुसून खाल्ली. बाकी इथे कोण काय बोललं ते सांगत बसू नकोस."

पहारेकऱ्याने मान खाली घातली. थाळी संपली की त्याचंही काम भागत होतं.

"महाराज, नका," म्हणत चाखणाऱ्याने राजाचा हात धरला. जन्मात त्याने राजाला कधी हात लावला नव्हता.

"मी जेवलो नाही तर उद्या हा तुझा मुलगा जिवंत राहील का?"

चाखणाऱ्याचा हात सुटला. सुटला त्याची त्याला लाज वाटली, पण सुटला.

राजाने रश्श्यात भात कालवला, मोठा घास तोंडात घातला आणि दचकून तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घास गिळताही येईना, टाकताही येईना. आचारी घाबरून भिंतीला टेकला.

पण ते विषामुळे नव्हतं. चाखून झालं की थाळी झाकून ठेवायची आणि चाखणाऱ्याला काही होतं का ते बघत थांबायचं, ही रीत. तोवर अन्न गार होऊन जायचं. मांडीवर बसून जेवायच्या वयापासून राजाच्या तोंडाला ऊन घास कधी लागलाच नव्हता.

चाखणारा रडत होता. रडता रडताच तो राजाच्या शेजारी सरकला.

"फुंकर घाला, महाराज," तो म्हणाला. "तोंड भाजेल."