बाबा, चला ना!

बायको गेल्यानंतर मुलांना घेऊन तो पहिल्यांदाच कुठे बाहेर पडला होता. डोंगरांच्या मधून जाणारी दिवसभराची बोट, दोन्ही बाजूंना धबधबे. पोरांचं मन जरा रमेल, एवढीच त्याची आशा.

पण पोरांनी धबधब्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धाकट्याला घडीघडी शू लागत होती. थोरलीला वरच्या डेकवर जायचं असायचं आणि वर गेलं, की गार वारा लागतो म्हणून पुन्हा खाली. मग गोष्ट सांगा, मग लपाछपी खेळा, मग घोडा व्हा. तो कठड्याला टेकून जरा कुठे पाण्याकडे पाहू लागला, की "बाबा, चला ना!" म्हणत दोघं त्याचे दोन हात ओढायची. भरला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारा हा मास्तर दुपारपर्यंत पार मेटाकुटीला आला.

"भारीच द्वाड आहेत हो तुमची मुलं!" शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या.

"आई नाही त्यांना," तो कसंबसं बोलला. आपल्याला एकट्याला हे झेपायचं नाही, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी बोट धक्क्याला लागली. तो बॅगा घेऊन आला, तेव्हा थोरली पाठमोरी उभी राहून त्याच्या फोनवर आजीशी हळू आवाजात बोलत होती.

 

"आजी, आम्ही बाबांना क्षणभरसुद्धा एकटं बसू दिलं नाही. आज ते एकदाही रडले नाहीत."