कूलर बंद करा

रविवारी संध्याकाळी धर्मपाल सरांच्या ओसरीवर शिकवणी सुरू होती. सर निवृत्त झाले तरी अकोल्याच्या त्या गल्लीतली दहावीची पोरं इंग्रजीसाठी त्यांच्याकडेच यायची. सरांची मुलगी उत्पला दर रविवारसारखी अमरावतीहून आली होती आणि दारात पुस्तक उघडून बसली होती.

"सर, इंटरफेअर आन् इंटरव्हीन एकच ना?" अरीबानं विचारलं.

"एक कसं? इंटरफेअर म्हणजे लोकाच्या गंजात चमचा घालून भाजी चाखून पाहणं. अन् त्याच घरात तेलानं पेट घेतला, घरचे नुसते पाहून राह्यले, तं धावत जाऊन गॅस बंद करणं म्हणजे इंटरव्हीन."

"आन् घरवालीनं चमचा फेकून मारला तं?"

"तं खाचा. चमचाच आहे."

पोरं खिदळली. तेवढ्यात शेजारच्या कुंदनच्या घरात भांडं आदळलं. मग बाईचा आवाज आला.

समोर शेषरावांच्या खिडकीतला कूलर घरघरायला लागला. मग त्यांच्या पलीकडचा. मग कोपऱ्यावरचा. होळी अजून व्हायची होती, संध्याकाळी अंगावर काही घ्यावंसं वाटत होतं. पण कुंदनचं सुरू झालं की गल्ली कूलर लावायची. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती. आत सरांच्या पत्नी इंदूबाई उठल्या आणि त्यांचाही हात बटणाकडे गेला.

"बंद कर, इंदू," सर उठत म्हणाले. "ऐकू येऊ दे."

"अवो, त्याची बायको हाय. आपल्याले काय कराचं?"

"तिले नाव आहे. पायल."

उत्पलानं पुस्तकातून मान वर केली. "बाबा, बसा. बीपीची गोळी घेतली का?"

सर बसले. पलीकडचा आवाज थांबला तसे गल्लीतले कूलरही बंद झाले. "उद्या इंटरव्हीनचं एक वाक्य करून आणा," सर पोरांना म्हणाले. "पुस्तकातलं नको. आपलं."

दुसऱ्या दिवशी गल्लीत कूलर लागले तेव्हा सर चप्पल न घालताच उठले. कुंदनच्या पायऱ्यांवर त्यांचं डोकं आपटलं. शेषरावांनी अमरावतीला फोन केला, "सरांचा पाय घसरला. सर गेले." पोलिसांनाही गल्लीनं तेच सांगितलं.

इंदूबाईंनी लेकीला खरं सांगितलं ते मोरीत, नळ सोडून. "ढकललं त्यानं. म्या डोळ्यानं पाह्यलं. पण तू बोलू नको, बाई. तू जाशीन अमरावतीले. मले त्याच्या भिंतीले भिंत लावून राहाचं हाय."

उत्पलानं नळ तसाच वाहू दिला.

सरांच्या जलदानविधीला मांडव कुंदननंच घातला. दुपारी लोकांना उकडू नये म्हणून दोन मोठे कूलरही आणून ठेवले. पांढरा सदरा घालून तो पाण्याचे ग्लास फिरवत होता. उत्पलापुढेही त्यानं ग्लास धरला.

"घ्या ताई. सर मले बापासारखे होते."

तिनं ग्लास घेतला आणि खाली ठेवला.

त्रिसरण-पंचशील झालं. एकेक जण उठून सरांबद्दल बोलू लागला. शेषराव उठले. "सरांसारखा मानूस होणे नाई. एकच खोड होती. कुनाच्याबी मधात पडाचे. ती नसती, तं आज..."

बोलता बोलता ते अडकले. घसरून मेलेल्या माणसाची ही खोड इथं कशाला काढली, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. "पायरी लय गुळगुळीत होती," ते घाईघाईनं म्हणाले आणि खाली बसले. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कूलर घरघरत होते.

"आता लेकीनं दोन शब्द बोलावे," कुणीतरी म्हणालं.

उत्पलाच्या मनात वाक्यं तयार होती. नीट जुळवलेली, मोजकी, कुणालाही न लागणारी. तिनं माईक हातात घेतला.

"कूलर बंद करा."

कुणी हललं नाही. कुंदन हसला. "उकडन ना ताई, लोकाईले."

"उकडू द्या."

तरीही कुणी हललं नाही. मग इंदूबाई उठल्या. बायकांमधून वाट काढत गेल्या, वाकल्या आणि दोन्ही कूलरचे प्लग उपटले. पाती फिरत फिरत थांबली. मांडवात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, त्याही सगळ्यांना ऐकू आल्या.

शेवटच्या रांगेत कुंदनची बायको बसली होती. ओढणी गालावर घट्ट दाबून.

कॉलेजात शिकवायला लागल्यापासून उत्पला चारचौघांत घरची बोली बोलली नव्हती. आज तिच्या तोंडी दुसरी भाषा आलीच नाही.

"माहा बाप घसरला नाई. या कुंदननं ढकलला. तुमाले काई आयकू आलं नाई म्हणता? आयकू आलं, म्हणून तं कूलर लावले."

कुंदनच्या हातातला ट्रे कलला. कुणीतरी "अवो ताई, आज नोका..." म्हणत पुढे झालं. उत्पला त्याच्याकडे न पाहता शेवटच्या रांगेकडे वळली. त्या गल्लीत फक्त सरांनी घेतलेलं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं.

"पायल, ऊठ. इकडं माह्यापाशी येऊन बस."